जीपवरचे पहिले काम

नवी जीप दारात आली की तिच्यात सर्वांत आधी काय बदलायचे, याचे उत्तर भारतात दर पिढीने वेगळे दिले. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांत ते हूड आणि दरवाजे असे होते. सत्तरच्या दशकात डिझेल इंजिन आले, नव्वदच्या दशकात मागची बाकडी आणि टपावरचा कॅरिअर. टायर, विंच आणि उंची वाढवणे ही आजची उत्तरे अगदी अलीकडची आहेत. सुरतच्या लिंबायतसारख्या वस्तीत, जिथे धुळे, नंदुरबार आणि जळगावकडून आलेल्या मराठी कुटुंबांची संख्या मोठी आहे आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गावाकडचा रस्ता धरण्याची रीत आहे, तिथे हा प्रश्न हौसेपेक्षा रस्त्याशी अधिक जोडलेला राहिला. गंमत अशी, की चारही चाकांना जोर मिळावा म्हणून जन्मलेल्या या गाडीवर आपल्याकडे कित्येक वर्षे पहिले काम होई ते पुढच्या चाकांचा जोर काढून घेण्याचे.

जीपचा जन्म १९४० सालचा. अमेरिकी सैन्याने त्या वर्षी हलक्या टेहळणी गाडीसाठी १३५ कारखान्यांकडे विचारणा केली आणि त्यातून बँटम कंपनीचा पहिला नमुना सप्टेंबरात तयार झाला. पुढे मोठे उत्पादन विलिस आणि फोर्ड यांनी केले. महायुद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून अधिक गाड्या रस्त्यावर आल्या होत्या. विलिस एमबी या लष्करी गाडीच्या पुढच्या आणि मागच्या चाकांत अंतर ८० इंचांचे, इंजिन २.२ लिटरचे, ताकद ६० अश्वशक्ती, टायर ६.०० बाय १६ मापाचे आणि वायरिंग सहा व्होल्टचे. युद्ध संपताच १९४५ मध्ये विलिसने हीच गाडी शेतकऱ्याला विकायला काढली, तेव्हा बदलांची पहिली यादी खुद्द कारखान्यानेच केली. सीजे-२ए या नागरी जीपला मागे उघडणारा फाळका आला, स्टेपनी पाठीवरून बाजूला गेली, दिवे मोठे झाले, पुढच्या जाळीतल्या नऊ फटींच्या सात झाल्या. सर्वांत मोठा बदल दिसत नव्हता. अ‍ॅक्सलमधल्या दात्यांचे प्रमाण ४.८८ वरून ५.३८ वर नेले, म्हणजे वेग कमी झाला आणि ओढण्याची ताकद वाढली. नांगर ओढणाऱ्याला तेच हवे होते.

भारतात जीप दोन दारांनी आली. एक दार युद्धोत्तर लिलावाचे. पूर्वेकडच्या आघाडीवरून उरलेल्या गाड्या डिस्पोजलमध्ये निघाल्या आणि जमीनदार, ठेकेदार, चहामळेवाले यांनी त्या उचलल्या. दुसरे दार मुंबईचे. १९४५ मध्ये महिंद्र अँड मोहम्मद या नावाने सुरू झालेली पोलाद-व्यापाराची पेढी १९४८ मध्ये महिंद्र अँड महिंद्र झाली आणि चाळीसच्या दशकाअखेरीस तिने माझगावात सुट्या भागांतून विलिस जीप जोडायला घेतल्या. जुन्या जीप विकत घेण्यातला धोकाही त्याच काळात देशाला कळला. काश्मीरच्या लढाईसाठी लंडनहून मागवलेल्या दुरुस्त केलेल्या जीप निरुपयोगी निघाल्या आणि १९४८ चे ‘जीप प्रकरण’ संसदेत गाजले.

पुढे भारतात घडली ती मुख्यतः सीजे-३बी. तिचे इंजिन जुन्यापेक्षा उंच असल्याने बॉनेटही उंच करावे लागले आणि त्या उंच कपाळानेच ती ओळखली जाऊ लागली. अमेरिकेत हे मॉडेल १९६८ मध्ये थांबले, भारतात मात्र त्याचा वंश त्यानंतरही बरीच वर्षे चालला. २ ऑक्टोबर १९५२ रोजी सामूहिक विकास योजना सुरू झाली आणि तालुक्याच्या गावी गटविकास अधिकाऱ्याची जीप दिसू लागली. खेड्यातल्या माणसाच्या लेखी ‘सरकार’ आणि ‘जीप’ हे शब्द बराच काळ जोडीने चालले. या गाडीला दरवाजे नसत, काच पुढची तेवढी, छप्पर म्हणजे कॅनव्हास. त्यामुळे मालकाचे पहिले काम ताडपत्रीवाल्याकडे. बाजूचे पडदे शिवून घ्यायचे, त्यात पारदर्शक तुकडा बसवायचा, पुढे कुणी पत्र्याचे टप ठोकून घेई. पावसाळ्यात गुजरात-महाराष्ट्र सीमेवर याला पर्याय नव्हता.

पुढच्या चाकांचे काम मात्र याहून महत्त्वाचे, आणि ते समजण्यासाठी गाडीच्या पोटात डोकावावे लागते. जुन्या जीपमध्ये गिअरबॉक्सच्या मागे ट्रान्सफर केस असते. लिव्हर ओढला की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांशी घट्ट जोडले जातात. डांबरी रस्त्यावर वळताना पुढची चाके मागच्यांपेक्षा लांब वाटेने जातात, पण शाफ्ट त्यांना तेवढे जास्त फिरू देत नाहीत. चिखलात चाक किंचित घसरून हा फरक भरून काढते, कोरड्या रस्त्यावर ते जमत नाही आणि सगळा ताण दात्यांवर येतो. म्हणून डांबरावर फोर-व्हील काढून टाकायचे असते. एवढे करूनही पुढचे चाक फिरताना आपल्याबरोबर अ‍ॅक्सलच्या दांड्या, क्राउन आणि पुढचा शाफ्ट फुकट फिरवत राहतेच. पेट्रोल जाते, आवाज होतो, सांधे झिजतात.

अमेरिकेत या दुखण्यावर १९४८ मध्ये आर्थर वॉर्न यांनी इलाज काढला. चाकाच्या मध्यावर बसणारा आणि चाक अ‍ॅक्सलपासून सोडवणारा हब. पुढे विंचसाठी जगभर नाव झालेल्या वॉर्न कंपनीचा उगम लिलावातल्या जीप रस्त्यावर चालवण्यायोग्य करण्यात आहे, ही गोष्ट आजच्या शौकिनांना सहसा ठाऊक नसते. भारतात असा हब मिळणे अवघड आणि परवडणे त्याहून अवघड. इथल्या मेकॅनिकने चार बोल्ट काढून पुढचा शाफ्टच उतरवला आणि घराच्या माळ्यावर ठेवून दिला. त्याने निम्मेच काम झाले, कारण अ‍ॅक्सलच्या दांड्या आणि क्राउन फिरतच राहिले. पण मालकाला बचत झाल्याचे समाधान मिळाले आणि कारखान्यालाही पुढे टू-व्हील ड्राइव्ह जीप वेगळ्या विकता आल्या. ग्रामीण भागात धावणाऱ्या बहुसंख्य जीप याच प्रकारच्या. दिसायला रानगाडी, चालायला मागच्या दोन चाकांवरची टॅक्सी.

१९७३ च्या तेलसंकटाने पेट्रोल जीप पाळणे महाग केले आणि डिझेल इंजिन हे पहिले काम ठरले. महिंद्रने इंटरनॅशनल ट्रॅक्टरच्या बी-२७५ इंजिनाच्या पायावर जीपसाठी डिझेल इंजिन तयार केले होते. बाहेरच्या गॅरेजांत सिम्पसन-पर्किन्सची इंजिने जुन्या जीपमध्ये चढवली जात. हा बदल एकटा येत नसे. लोखंडी डिझेल इंजिन जड असल्याने पुढच्या पाट्यांत एक पान वाढवावे लागे, नाहीतर नाक खाली जाई. सहा व्होल्टची वायरिंग बारा व्होल्टची करावी लागे, कारण उच्च दाबाचे इंजिन थंडीत फिरवायला मोठा स्टार्टर लागतो. इंजिनाचे फेरे कमी आणि मागे शेतीसाठी ठेवलेले ५.३८ चे दाते, त्यामुळे गाडी साठीच्या आसपास ओरडू लागे. मग कुणीतरी क्राउन-पिनियन बदलायचे सुचवी. एका बदलातून दुसरा निघतो, हा जीप-मालकाचा अनुभव तेव्हापासूनचा आहे. लष्करातून लिलावात निघालेल्या, जबलपूरला बनलेल्या जोंगा या गाड्यांचेही असेच. जवळजवळ चार लिटरचे पेट्रोल इंजिन शेतकऱ्याच्या खिशाला झेपेना, म्हणून घेतल्या घेतल्या ते काढून डिझेल बसवायचे. हरियाणातल्या मंडी डबवालीत तर जुन्या जीप नव्याने घडवण्याचा स्वतंत्र धंदा उभा राहिला.

ऐंशीच्या दशकापासून जीप लांब झाली. ८० इंचांचे अंतर ९१ आणि पुढे त्याहून जास्त झाले. महिंद्रची कमांडर आणि बजाज टेम्पोची ट्रॅक्स यांनी एसटी न पोहोचणारी गावे धरली. साताऱ्या-कोल्हापुराकडे तिला वडाप म्हणत, इतरत्र काळी-पिवळी. पहिले काम आता मागच्या भागात होई. समोरासमोर लांब बाकडी, मध्ये पाय ठेवायला जागा, फाळक्यावर पायरी, टपावर कॅरिअर आणि मागे चढायला शिडी. पाट्यांत पान वाढवले जाई ते उंचीसाठी नाही, डझनावारी माणसे आणि टपावरची पोती पेलण्यासाठी. सातपुड्यात धडगाव, मोलगीकडच्या घाटवाटांवर अशा जीपच्या टपावर बसलेली माणसे हे नेहमीचे दृश्य होते, आणि त्यातून झालेले अपघातही.

याच काळात खान्देशातून सुरतेकडे जाणारा माणसांचा ओघ वाढला. वाट जुनीच होती. ताप्ती व्हॅली रेल्वेने विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर सुरत आणि अमळनेर जोडले होते आणि रस्त्याने बारडोली, व्यारा, सोनगड, नवापूर, कोंडाईबारी घाट, साक्री, धुळे अशी राष्ट्रीय महामार्ग सहाची, म्हणजे आजच्या त्रेपन्नची, सरळ वाट होती. वाटेतले सोनगड हे गायकवाडांचे गुजरातेतले आरंभीचे ठाणे, त्यामुळे मराठी माणसाला ही वाट परकी नव्हती. उधना आणि लिंबायत भागात पॉवरलूमचा खडखडाट वाढला तशी लूमवर काम करणारी, मग लूमची मालकी घेणारी आणि त्यानंतर गाडी घेणारी पिढी आली. अहिराणी बोलणाऱ्या घराच्या दाराशी जीजे-०५ क्रमांकाची गाडी आणि तीच गाडी सणाला एमएच-३९ च्या मुलखात, हे चित्र आज दोन्ही बाजूंना सवयीचे आहे. लूमच्या सुट्या भागांसाठी उभे राहिलेले लेथ आणि वेल्डिंगचे कसब या भागात हाताशी असल्याने गाडीवरच्या लोखंडी कामाला मिस्त्री शोधत लांब जावे लागत नाही. चांगले वेल्डिंग करणारा आणि चेसिसवर कुठे वेल्डिंग करू नये हे कळणारा, हे दोन वेगळे मिस्त्री असतात, एवढे मात्र लक्षात ठेवावे लागते.

हौसेची रानगाडी भारतात रुजवण्याचे श्रेय बरेचसे मारुती जिप्सीला जाते. १९८५ मध्ये आली तेव्हा तिचे इंजिन ९७० सीसीचे, ताकद ४५ अश्वशक्तीच्या आसपास. १९९६ मध्ये १.३ लिटरची जिप्सी किंग आली. चारही चाकांवर पाट्यांचे सस्पेन्शन, हलके अंग, पुढे-मागे सलग अ‍ॅक्सल. जिप्सी घेणाऱ्याला प्रवासी भरायचे नव्हते. तो टायर मोठे करी आणि पाटे नरम करी, कारण मूळ पाटे पाठीचा कणा मोजून काढत. महिंद्रने १९९६ च्या सुमारास ‘ग्रेट एस्केप’ या नावाने मालकांना एकत्र रानात नेण्याचे उपक्रम सुरू केले आणि पुढे इगतपुरीजवळ चालकांसाठी प्रशिक्षण केंद्र काढले. ऑक्टोबर २०१० मध्ये थार आली. जुन्या जीपचे रूप, २.५ लिटरचे कॉमन-रेल डिझेल, १०५ अश्वशक्ती, आणि लहानसहान सुखसोयींचा पूर्ण अभाव. कारखान्याने जे दिले नाही ते बाहेर बसवून घेण्याचा बाजार त्या गाडीभोवती फोफावला. २०२० च्या नव्या थारने त्यातले पुष्कळसे काम पुन्हा कारखान्यात नेले: २२६ मिलिमीटरची जमिनीपासूनची उंची, ६५० मिलिमीटर पाण्यातून जाण्याची क्षमता, वरच्या प्रकारांत मागच्या अ‍ॅक्सलमध्ये आपोआप जखडणारा डिफरन्शियल.

टायर हे आजचे पहिले काम का, ते गणिताने दिसते. जुन्या थारचा टायर २३५/७० आर १६, उंची सुमारे ७३५ मिलिमीटर. त्या जागी २४५/७५ आर १६ बसवला तर उंची ७७४ होते. वाढ ३९ मिलिमीटरची, पण अ‍ॅक्सल वर जातो तो तिच्या निम्मा, म्हणजे जेमतेम १९. स्प्रिंगखाली ठोकळे घालून बॉडी कितीही उंच केली तरी सलग अ‍ॅक्सलचा गोळा दगडावर आपटायचा तो आपटतोच. त्याला वर उचलणारी गोष्ट एकच, टायर. याची किंमतही आहे. टायर पाच टक्क्यांनी मोठा झाला की स्पीडोमीटर साठ दाखवतो तेव्हा गाडी त्रेसष्टने जात असते, प्रत्येक गिअर तेवढाच लांब होतो आणि ब्रेकला जड चाक थांबवावे लागते.

रुंद टायर सगळीकडे चांगला, ही समजूतही खान्देशच्या काळ्या मातीत टिकत नाही. पावसाळ्यात ही माती टायरच्या खाचांत गच्च बसते आणि चाक गुळगुळीत होऊन जागीच फिरते. जुन्या जीपचा ६.०० बाय १६ चा अरुंद, आडव्या पट्ट्यांचा टायर हा चिखल कापून खालच्या कठीण थरापर्यंत जाई. त्या काळच्या शेतकऱ्याने तो निवडून घेतला नव्हता, लष्कराकडून वारशाने आला होता. पण या मातीला तो योग्य होता. सुवाळीच्या वाळूत उलट हिशेब चालतो. १६१२ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज जहाजांची लढाई पाहिलेला हा किनारा आणि शेजारचे डुमस, दोन्हीकडे भरतीच्या रेषेजवळ गाड्या रुतल्याच्या बातम्या नेमाने येतात. वाळूत टायर पसरला पाहिजे. हवा तिसावरून पंधरा-अठरा पाउंडांवर आणली की टायरचा जमिनीवरचा ठसा लांबतो आणि गाडी वर तरंगते. त्यासाठी नवा टायर लागत नाही, हवा मोजायचे घड्याळ आणि परतताना हवा भरायला छोटा कंप्रेसर पुरतो. डांगच्या लाल, घसरड्या घाटवाटांवर या दोन्हींच्या मधले टायर बरे पडतात. तिथल्या जंगलातल्या वाटा वनखात्याच्या आहेत, हेही गाडी घेणाऱ्याने आधीच धरून चालावे.

लिंबायतचे खरे आव्हान मात्र पाणी. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने सुरतचा मोठा भाग बुडाला, तो तापीचा पूर होता. लिंबायत आणि परवत पाटियाकडे येणारा पूर बहुधा मिठी खाडीचा असतो. पूर्वेकडच्या तालुक्यांत मुसळधार पाऊस झाला की खाडी फुगते आणि पाणी गल्ल्यांत शिरते. रेल्वेखालचे लिंबायतचे गरनाळे तर थोड्या पावसातही भरते. अशा पाण्यात नव्या थारचा ६५० मिलिमीटरचा आकडा नेमके काय सांगतो, हे पाहण्यासारखे आहे. ७७४ मिलिमीटरच्या चाकाचा मध्य जमिनीपासून अडतीस-एकोणचाळीस सेंटिमीटरवर येतो. म्हणजे पासष्ट सेंटिमीटर पाण्यात दोन्ही अ‍ॅक्सल पूर्ण बुडालेले असतात.

अ‍ॅक्सलच्या घरावर हवा जाण्या-येण्यासाठी एक बोटभर नळी असते, तिला ब्रीदर म्हणतात. दहा-वीस किलोमीटर चालून तापलेला अ‍ॅक्सल एकदम थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि ब्रीदरवाटे किंवा सीलच्या कडेने पाणी आत ओढले जाते. इंजिन चालू राहते, गाडी घरी येते, कुणाला काही कळत नाही. चार दिवसांनी तळाचा बोल्ट सैल केला तर काळसर तेलाऐवजी दुधाळ चहासारखे काहीतरी बाहेर येते. तोवर बेअरिंगवर गंज चढू लागलेला असतो. ब्रीदरला रबरी नळी जोडून ती बॉनेटखाली उंचावर नेणे हे काम काहीशे रुपयांत होते आणि लिंबायतच्या गाडीसाठी छपरावरच्या दिव्यांच्या पट्टीपेक्षा शंभर पटींनी उपयोगाचे आहे. इंजिनाला उंचावरून हवा देणारा स्नॉर्केल शोभेसाठी लावला तर मात्र सांधे नीट बंद नसले तर निव्वळ प्लास्टिकचा पाइप ठरतो. पाणी एअर फिल्टरपर्यंत आलेच तर डिझेल इंजिन ते दाबू पाहते, पाणी दबत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो.

विंच आणि लोखंडी बंपर ही पुढची पायरी मानली जाते, पण त्यांना कायद्याची बाजू आहे. मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ५२ गाडीत उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल करू देत नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे कलम काटेकोरपणे वाचले आणि नियमांत सवलत दिसली तरी मूळ कायद्याच्या विरोधात बदल चालणार नाही असे ठरवले. त्याआधी, डिसेंबर २०१७ मध्ये, केंद्रीय परिवहन मंत्रालयाने गाडीपुढचे लोखंडी गार्ड काढण्याच्या सूचना राज्यांना दिल्या होत्या. असे गार्ड पादचाऱ्याला जीवघेणे ठरतात आणि पुढचा धक्का बॉडीने पचवावा ही आखणीही बिघडवतात. सत्तरच्या दशकात मिस्त्रीच्या भरवशावर इंजिन बदलले जाई, ते आज परवानगीशिवाय करणे म्हणजे नोंदणीपुस्तक आणि विमा दोन्ही धोक्यात घालणे. टायरच्या बाबतीत सुरक्षित वाट अशी, की त्याच मॉडेलच्या दुसऱ्या प्रकारात कंपनी जे माप देते त्याच्या आसपास राहावे. नव्या थारलाच सोळा इंची आणि अठरा इंची अशी दोन्ही चाके कारखान्यातून मिळतात. ओढण्याचे मजबूत हूक, मापाची दोरी आणि फावडे यांना कोणाचीच हरकत नसते. एकट्याने रानात न जाता दुसरी गाडी सोबत असेल तर विंचची गरजही क्वचितच पडते.

जानेवारी २०२३ मध्ये थार फक्त मागच्या चाकांच्या जोरावर, १.५ लिटर डिझेलसह, सुमारे दहा लाखांपासून विक्रीला आली. चार मीटरच्या आतली गाडी आणि पंधराशे सीसीच्या आतले डिझेल यांना मिळणारी करसवलत तिला लागू झाली आणि शहरातल्या पुष्कळ गिऱ्हाइकांनी तीच घेतली. माळ्यावर ठेवलेला शाफ्ट जुन्या जीपला पुन्हा चार बोल्टांनी जोडता येई. या गाडीत मात्र पुढचा डिफरन्शियल नाही, ट्रान्सफर केस नाही, आणि ती नंतर बसवून घेणे खर्चात आणि कायद्यात दोन्हीकडे बसत नाही. त्याच वर्षी जूनमध्ये आलेली मारुती जिम्नी १९५/८० आर १५ च्या लहान टायरवर, २१० मिलिमीटरच्या उंचीवर, पण चारही चाकांच्या जोरासह विकली जाते. लिंबायतहून महामार्गाने साक्रीपर्यंत आणि पुढे डांबरावरून गावापर्यंत जाणाऱ्याला मागच्या चाकांची गाडी पुरते. तोरणमाळच्या किंवा डांगच्या वाटेला पावसाळ्यात वळायचे असेल, तर हा निर्णय बयाणा देण्याआधी घ्यावा लागतो.